आत सगळं ऐकू येतं

उन्हाळ्यात आमच्या कुसगावच्या घरी गाण्याच्या बैठका होतात. एप्रिल-मे महिन्यांत, रविवारी सकाळी. पुण्या-मुंबईची माणसं गाड्या काढून येतात, दारात चपलांचा ढीग पडतो आणि जाताना जो तो आमच्या ह्यांचा हात हातात घेऊन म्हणतो, “काय भाग्यवान आहात हो! घरबसल्या गाणं!” हे नम्रपणे मान हलवतात. मी मागे रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी असते. घरबसल्या म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आधीच सांगते, मी गायिका व्हायची राहून गेलेली वगैरे नाही. लग्नाआधी काही वर्षं शिकले. मग शिकवणाऱ्या बाईंनी एक दिवस स्पष्टच सांगितलं, “तुला गळा नाही, कान आहे. तानपुऱ्याला मात्र छान बसतेस.” मला वाईटसुद्धा वाटलं नाही. गाण्याला ऐकणारं माणूसही लागतंच की. वडिलांनी घेऊन दिलेला तानपुरा मी सासरी आणला, आणि हे निवृत्त झाल्यावर आम्ही पुणं सोडून इथे घर बांधलं, तेव्हा हॉल मोठा हवा हा हट्टही माझाच. बैठकांची कल्पना माझी. म्हटलं, आता निवांत बसून ऐकायचं, पहिल्या ‘सा’पासून भैरवीपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण माणसं आली की त्यांना चहा लागतो. लोणावळ्यापर्यंत आलोय म्हटल्यावर भूकही लागते. आधी नुसता चहा होता, मग त्याच्याबरोबर पोहे आले, मग कुणाला पोह्यांनी ॲसिडिटी होते म्हणून उपमा आला. कुणाचा उपास असतो. कुणाची मुलं कंटाळतात, त्यांना दूध-बिस्कीट. आणि ऐन आलापात कुणीतरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन कुजबुजतं, “वहिनी, चिक्की कुठली चांगली हो इथली?” घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं!

तर माझं ऐकणं असं. तोडीतलं मंद्र सप्तक ऐकलं, मग फोडणी, मग टाळ्या. भटियारचा मुखडा ऐकला, मग गॅस संपला, मग टाळ्या. एकदा एका तरुण गायकाचा षड्ज असा काही लागला की मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. तो थांबला. लोक हसले. आमचे हे दारात येऊन दात-ओठ खात म्हणाले, “बंद कर ते!” तेव्हापासून बैठकीत कुकर लावायचा नाही असा नियम झाला. बटाटे पातेल्यात उकडायचे. बटाटेच नकोत असा नियम मात्र कुणाला सुचला नाही.

मी कुरकुर केली की ह्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत ताटं सरकवायला एक खिडकी ठेवलेली आहे. तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, “अगं, आत सगळं ऐकू येतं की!”

आमच्याकडे कामाला येणाऱ्या गावातल्या मावशींना गाण्याचं काही नाही. “मला तर लय झोप येती बया त्या आऽऽऽनं,” असं त्या बिनधास्त सांगतात. पण त्यासुद्धा एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या, “ताई, तुमी एवढं गानं गानं करता, मंग हितं काय करताय? जावा की भाईर. चा मी बघते.” मी गेले. हॉलच्या मागच्या दाराशी टेकते न टेकते तोच नणंदबाई वळून म्हणाल्या, “अगं, बरी सापडलीस! जरा पाणी आण ना.”

यंदा शेवटच्या बैठकीला ज्या बाई येणार होत्या, त्यांना मी परकर-पोलक्यात असताना वडिलांच्या मांडीला टेकून ऐकलं होतं. गणपतीचे दिवस होते, आणि गाणं संपलं तेव्हा वडील डोळे पुसत होते. आता बाईंचं वय झालंय. बाहेर गाणं त्यांनी बंदच केलंय. ह्यांच्या एका मित्राने गळ घातली म्हणून हो म्हणाल्या, “एकदाच. परत विचारू नका.” महिनाभर आधीपासून मी ह्यांना बजावत होते, “या बैठकीला मी आत जाणार नाही. सांगून ठेवते.” हे म्हणायचे, “बरं बरं, बघू.” ते ‘बघू’ मला चांगलं ठाऊक आहे. त्याचा अर्थ, तूच बघ.

आणि नेमक्या त्याच रविवारी मावशींनी दांडी मारली. “टाकव्याला भाच्याचं लगीन हाय. मामीच न्हाई म्हनल्यावर कसं व्हायाचं?” बरोबरच होतं त्यांचं. लगीनसराईत काय बोलणार? मी म्हटलं, “बाहेरून मागवू या खाणं.” हे म्हणाले, “छे! त्या आपल्याकडे पहिल्यांदा येणार, आणि बाहेरचं?” आपल्याकडे! मी पहाटे उठून साबुदाणा परतत होते आणि डोळ्यांत पाणी येत होतं. मिरचीमुळे नव्हे, संतापाने.

बाई वेळेवर आल्या. लहानशा, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. तबलजी त्यांच्याबरोबरच होते. तानपुऱ्याला बसणारी शिष्या दुसऱ्या गाडीने येत होती, ती अडकली. कामशेतच्या बोगद्याजवळ ट्रक आडवा झाला होता, रांग हलायचं नाव घेईना. तिचा फोन आला आणि ह्यांचा चेहरा उतरला. लोक बसलेले, शेजारच्या भाड्याच्या बंगल्यातून पोहण्याच्या तलावातला आरडाओरडा सुरू झालेला. हे म्हणाले, “मोबाईलवर तानपुरा लावू या का? अगदी खऱ्यासारखा वाजतो.”

“यंत्रावर मी गात नाही,” बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, शांतपणे.

मग हे हॉलभर फिरले. “कुणी बसेल का? नुसत्या तारा छेडायच्या.” माना हलल्या, नजरा खाली गेल्या. एक गृहस्थ म्हणाले, “मी आपला कानसेन.” खिडकीतून मी हे सगळं बघत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा! तानपुरा माझा, माझ्या माहेरचा, तिथे गादीवर आडवा पडलेला, आणि हा माणूस अख्ख्या हॉलला विचारतोय.

मी गॅस बंद केला, हात धुतले आणि पदर खोचलेलाच ठेवून बाहेर आले. “मी बसते.”

“तू?” ह्यांनी मला दाराशी ओढलं. “अगं, पण आत? मध्यंतराचा चहा, खिचडी...”

“तुम्ही.”

“मला कुठे येतंय?”

“चहा येत नाही? दूध तापायला ठेवा, उतू जायला आलं की खाली घ्या.”

बाई बघत होत्या. “या,” म्हणाल्या. मी तानपुरा जुळवला. तारांखालचा जव्हारीचा दोरा सरकवत गेले, आणि सूर लागला. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली. मी त्यांच्या मागे बसले, आणि मग मला कळलं की अख्ख्या घरात एवढी एकच जागा अशी आहे जिथून मला कुणी उठवू शकत नाही. तानपुरा थांबला तर गाणं थांबतं.

त्यांनी ‘सा’ लावला. आवाज थकलेला होता, वरच्या स्वरांना जाताना जपून जात होता, पण तोडीचा तो कोमल गंधार लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. मला वडिलांची मांडी आठवली. मी रडत होते आणि वाजवत होते. कुणाच्या लक्षात आलं असेल तर असो.

मध्यंतराची वेळ आली. बाई थांबल्याच नाहीत, द्रुत बंदिशीत शिरल्या. लोकांच्या माना हळूहळू खिडकीकडे वळायला लागल्या. नणंदबाईंनी माझ्याकडे बघून अंगठा ओठांशी नेला. चहा? मी तारा छेडत राहिले. आत काहीतरी धाडकन पडलं. मग वास आला. दूध लागल्याचा वास मी झोपेतसुद्धा ओळखते. माझी बोटं घाईला आली, गुडघा आपोआप उठायला लागला. बाईंनी न थांबता मान वळवून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली बसले. जळू दे मेलं, म्हटलं मनात. जळू दे.

भैरवी झाली. पूर्ण झाली. मी पूर्ण ऐकली.

मग कपांची किणकिण, जळका चहा, “वा वा, काय गाणं!” बाई निघताना मला म्हणाल्या, “उठाल असं वाटलं होतं. बरं झालं, बसलात.” गाड्या गेल्या. घर रिकामं झालं. हे स्वयंपाकघरातून बाहेर आले. खांद्यावर ओला पंचा, शर्टावर दुधाचे डाग, चेहरा लाल. माझ्यावर ओरडणार असं वाटलं. पण ते भिंतीला टेकून खालीच बसले.

“मला काही ऐकायला मिळालं नाही गं,” ते म्हणाले. “तोडी सुरू झाली तेवढी कळली. मग दूध, मग ते कप. भैरवी तर साखर शोधण्यात गेली. आता त्या परत कधी गायच्या?”

बाईंचं गाणं त्यांनाही जिवापाड हवं होतं. मला कीव यायला हवी होती. नाही आली. राग आला, कारण ते असं सांगत होते जणू या घरात असं पहिल्यांदाच कुणाच्या तरी वाट्याला आलं होतं.

मी तानपुऱ्याला गवसणी घालत होते. नाडी बांधता बांधता म्हटलं, “का? आत सगळं ऐकू येतं ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. ओट्यावर जळक्या दुधाचं पातेलं होतं, त्याला मी हात लावला नाही. संध्याकाळी ते त्यांनीच घासलं. तळ अजून काळा आहे.