देवणीच्या माळावरची माकडशिंगी

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यात मी नांदेडहून देवणीला निघालो. बायको ऑपरेशनसाठी पुण्याला लेकीकडं होती. तिची माकडशिंगी माझ्या हातून सडली होती. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या साली तिनं ती माहेरच्या, देवणीच्या माळावरून आणून कुंडीत लावलेली. बिनपानाच्या, बोटाएवढ्या चौकोनी कांड्या. पावसाळ्यात जांभळट फुलं. दुष्काळात झाड वाळेल या धास्तीनं मी माझ्या वाटणीचं पाणी तिला घातलं. बायको फोनवर रोज विचारायची, "माकडशिंगी कशी हाय?" मी म्हणायचो, "बरीय."

देवणीला जायचं तर सकाळची उदगीर एसटी धरा. नंतर ऊन सोसत नाही. म्हाताऱ्यांना अर्धं तिकीट आहे, ओळखपत्र विसरू नका. मी वाटेत चारदा खिसा चाचपला. उदगीरच्या स्टँडवर भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला. पुढं देवणीपर्यंत जीप.

जीपमध्ये एकजण म्हणाला, "आता उदगीर जिल्हा होणार हाय म्हणं."

"मग नळाला पाणी येईल का?"

"आधी कलेक्टर येईल. त्यालाबी आंघोळीला पाणी लागंल, तवा बघू!"

सगळे हसले. मला कुंडीतली सडलेली माकडशिंगीच दिसत होती.

मेहुण्याची बायको कमल मला माळावर घेऊन गेली. माळ उघडा पडलेला. माकडशिंगी लोकांनी भाजीसाठी खुडलेली, शहरातल्या कुंड्यांसाठी कुणीतरी मुळासकट नेलेली. शेवटी एका काटेरी झुडपाखाली सुरकुतलेला एकच झुबका सापडला. मी घाईनं खुरपं काढलं.

"दाजी, मुळीला हात लावू नका. वरून खुडायचं, मुळी माळाची."

"एकच कांडी? नाही जगली तर?"

"पाणी न्हाई घातलं तर जगंल."

माझी पाण्यानं सडल्याचं तिला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. तिनं एक कांडी मोडून दिली. चीक वाळेपर्यंत सावलीत ठेवायची, मग मुरमात खोचायची, म्हणाली.

नांदेडला आल्यावर तसंच केलं. टँकर आला की भरलेली बादली कुंडीला वळसा घालून न्यायचो. रोज वाटायचं, मेली.

पहिल्या पावसानंतर बायको परतली. पिशवी खाली ठेवायच्या आधी कुंडीपाशी गेली.

"ही माझी न्हाई."

"न्हाई. तुझी मी सडवली. ही देवणीची."

तिनं कांडी दोन बोटांत दाबून बघितली.

"घट्ट हाय," ती म्हणाली. "कुंडी नळापासून लांब ठेवा."

ठेवली.