अर्धा रोडगा

माझी धाकटी बहीण अर्धा रोडगा खाऊन ताटावरून उठली आणि माझा नुसता जळफळाट झाला. शेंदूरजनाघाटला माहेरच्या संत्र्याच्या बागेत दर हिवाळ्यात रोडग्यांचं जेवण असतं. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे हाताने चुरायचे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. माझे तीन झाले होते आणि डोळे चौथ्यावर होते.

"लहानीनं मनावर घेतलं तं पाह्य कशी बारीक झाली," आई सगळ्यांसमोर म्हणाली. "तुले काहून जमत नाही?"

मला सगळं ठाऊक होतं. आदल्या महिन्यात अकोल्याहून अमरावतीला तिच्याकडे गेले, तेव्हा फ्रिजच्या दारात इंजेक्शनचं पेन दिसलं. साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी दिलेलं, आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. आपण जेवलो की आतड्यातून एक हार्मोन सुटतं, त्याचा निरोप मेंदूतल्या रिसेप्टरला पोचतो आणि मेंदू म्हणतो, पुरे. ते हार्मोन लगेच विरून जातं. हे औषध मात्र तोच निरोप घेऊन आठवडाभर तिथे ठाण मांडून बसतं. "ताई, आता वासानंबी जीव ओढत नाही," ती म्हणाली होती. चटक लावणाऱ्या डोपामिनची ती ओढच कमी होते म्हणे. कोणाला सांगू नको, असंही बजावलं होतं.

तिच्या बारीक कंबरेचं मला काही नाही. ताट समोर असताना ती इकडच्यातिकडच्या गप्पा मारू शकते, याचा मला हेवा वाटतो. माझं सगळं लक्ष शेवटचा रोडगा कोण उचलतंय याच्यावर. लहानपणापासून हे असंच. आणि आता सुईचं कौतुकही तिच्याच पदरात!

मग मी बोललेच. "मनावर कायचं घेते? सुई घेते ते. भूक मेंदूत असते, आई. औषधानं दाबली तिनं."

बहिणीने मान खाली घातली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी रोडग्याचा मोठा घास तोंडात कोंबला.

आई तुपाचं भांडं घेऊन तशीच उभी होती. बहिणीकडे तिचं लक्षच नव्हतं. माझ्याकडेच बघत राहिली.

"मंग तुयाही मेंदूतच होतं का ते?" ती म्हणाली. "लहानपणी लाडवाच्या डब्यापायी मी तुले किती मारलं व माय."