शहापूरची कॉपी

किस्से आमच्याकडं मुद्दाम कोणी गोळा करत नाही. मागं राहिलेलं काम साचतं ना, तसेच तेही साचतात.

मी एका ट्रस्टच्या दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. पेशंटची सगळी माहिती असलेला मूळ सर्व्हर मुरबाडला आणि त्याची कॉपी शहापूरला. एक बंद पडला तर दुसऱ्यावर काम चालावं म्हणून. पण मधली इंटरनेटची लाइन तुटली, की कॉपी मागं पडते. सगळी नव्यानं उतरवायची तर दोन-तीन दिवस दवाखाना ठप्प. म्हणून जेवढा भाग मागं राहिलाय, तेवढाच जुळवून घ्यायचा. याला आम्ही सिंक म्हणतो. नऊ वर्षं हेच करतेय. कॉपी एकदाही पूर्ण झालेली बघितली नाय!

* * *

नवीन होते तेव्हा शहापूरला सर्व्हरच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला : ‘सिंक चालू आहे. कोणीही हात लावू नये.’ त्याच दाराशेजारी हात धुवायचं बेसिन.

दोन दिवस डॉक्टरांपासून सगळे बाहेर, उन्हात, नळावर डबे घासत होते. मला वाटलं, इथली पद्धतच असेल. तिसऱ्या दिवशी झाडू मारणाऱ्या मावशी हळूच जवळ आल्या.

“ताई, बेसिनला करंट येतोय का?”

* * *

एकदा शेणव्याच्या बाजूला लाइन तुटली. सिंक सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकलेला. ज्या कंपनीनं सिंकचा प्रोग्रॅम दिला, तिथं फोन लावला. पलीकडचा मुलगा अगदी शांत. “मॅडम, तुमची लाइन स्टेबल आहे ना?”

मी नुकतीच स्कूटीवरून बघून आले होते. म्हटलं, “एकदम स्टेबल! सकाळपासून शेताच्या बांधावर पडलीय, जरासुद्धा हलली नाय!”

* * *

डोळखांबच्या एका पाड्यावरचं कुटुंब कामाला मुरबाडकडच्या वीटभट्टीवर गेलं होतं. सून गरोदर. बाळंतपण मुरबाडला झालं, नोंदही तिथंच झाली. शहापूरच्या कॉपीत मात्र ती गरोदरच. महिने पुढं सरकतायत, कॉम्प्युटर इमानानं मोजतोय.

आमच्या भारती सिस्टर फार नियमाच्या. लिस्ट घेऊन पाड्यावर चढून गेल्या. दारात सासू बसलेली, मांडीवर बाळ.

सिस्टर दम खात म्हणाल्या, “तुमच्या सुनेला अकरावा महिना लागलाय. तपासणीला का आणलं नाय?”

सासूनं एकदा सिस्टरकडं बघितलं, एकदा बाळाकडं. “बाय, सून हाय ती माझी. हत्तीण नाय!”

सिस्टरनी तिथूनच मला फोन केला. त्या काय बोलल्या ते सांगत नाय.

* * *

त्यानंतर मीटिंग झाली. डॉक्टर म्हणाले, “आधी महत्त्वाचा भाग जुळव.” महत्त्वाचा कुठला? डॉक्टर म्हणे पेशंट, फार्मसीवाला म्हणे औषधं, मॅनेजर म्हणे हजेरी. मी पेशंट घेतले, औषधं घेतली, हजेरीवर आले तर लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर चिडून आले. “आठवडाभर पेशंट हजर आणि सगळा स्टाफ गैरहजर! मग तपासलं कोणी?”

म्हटलं, “बॅकअपनं, सर.”

* * *

मागच्या हिवाळ्यात असाच सिंक चालू होता, दुपारची वेळ. मधेच थांबला. एकाच बाईची दोन्हीकडं वेगळी नोंद. धसईजवळच्या पाड्यावरची आजी, बीपीची पेशंट. मुरबाडला लिहिलेलं, ‘मृत’. शहापूरला कोणीतरी त्याच आठवड्यात तिच्या कार्डावरचा फोन नंबर बदललेला. दोन्ही नोंदी ताज्या. अशा वेळी मशीन ठरवत नाही, माणसाला विचारतं : कोणती ठेवू?

मी तो नंबर लावला. आजोबांनी उचलला.

“बाबा, दवाखान्यातून बोलते. तुमच्या घरचं एक नाव जुळत नाय. विचारायला बरं वाटत नाय, पण... आजी आहेत ना?”

मागं कोंबड्या ओरडत होत्या.

“नाय गो बाय. भातकापणीत गेली. तुमच्या मुरबाडच्या सिस्टरला सांगितलं व्हतं मी.”

“हो बाबा, मुरबाडला लिहिलंय. शहापूरला राहून गेलं. चूक आमची.”

“मंजे? शहापूरला काय लिवलंय?”

सकाळपासून तीच ती नावं बघून डोकं बधिर झालं होतं. स्क्रीनवर दिसत होतं तेच बोलून गेले.

“तिथं त्या अजून आहेत.”

मला वाटलं फोन कट झाला. मी कानाचा काढून बघितला, चालू होता. परत कानाला लावला, तर ते विचारत होते,

“धसईवरनं शहापूरची गाडी किती वाजता हाय गो?”