देव्हाऱ्यातली काडी

बंदूक हातात घेतली की तिच्यात जास्तीचं काडतूस जात नाही याची काडीकाका आधी खात्री करून घ्यायचे. दोन काडतुसं खालच्या नळीत सरकवायची आणि तिसरं अंगठ्यानं दाबायचं, अगदी नख पांढरं होईस्तोवर. तिसरं अडलं की चेहरा खुलायचा. "चला, आता निघू." आणि नाही अडलं तर? "घुसलं तर घरी." यात सूट नाही. आम्ही कितीही लांबून आलेलो असलो तरी नाही.

होल्यांसारखे परदेशी उडत जाणारे पक्षी मारायचे तर बंदुकीत तीनच काडतुसं मावली पाहिजेत, असा अमेरिकन कायदा. दोन खालच्या नळीत, एक वर. नुसतं कमी भरून भागत नाही, जास्त मावताच कामा नये. म्हणून खालच्या नळीत लाकडाची काडी घालून जागा अडवायची. काकांनी ती स्वतः तासली होती, आणि माझ्या बंदुकीसाठीही एक. अर्विंग गावात नोकरीला आलेल्या आम्हा टवाळ पोरांनी मग त्यांचं नावच काडीकाका ठेवलं. ते त्यांना ठाऊक होतं. फोनवर स्वतःच म्हणायचे, "काडी बोलतोय."

माझ्यावर तर त्यांचा जास्तच पहारा. व्हिसावरच्या माणसाला शिकारीचं लायसन्स असेल तरच बंदूक हाताळता येते, म्हणून गाडीत बसण्याआधी मला खिसा उलटा करून दाखवावा लागायचा. "लायसन्स खिशात असेल तर तू शिकारी. घरी राहिलं तर आरोपी. समजलं का, पुणेकर?" मी चिडायचो. अहो, मी काय बालवाडीत आहे? पण ते दिवसच वाईट होते. दोन हजार एकनंतर आमच्या रंगाच्या माणसाकडे विमानतळावर नुसती पाठीवरची बॅग असली तरी लोक सरकून बसायचे. इथे तर आम्ही उघड्या शेतात बंदुका घेऊन उभे राहणार होतो.

काका अमरावतीचे. काकू गेल्यापासून घरी एकटेच, आणि तिकडे अमरावतीत त्यांची आई एकटी. ग्रीन कार्डवर आईला आणता येत नव्हतं, सिटिझन झालं की येणार होतं. म्हणून अर्ज केला होता, मुलाखतीची तारीखही आली होती. आईसाठी खालच्या मजल्यावरची खोली रिकामी केली होती. बाथरूमला धरायचा दांडा बसवला होता. शिकारीला जाताना वाटेत दुसरा विषय नसायचा. "थंडी सोसेल का रे तिला? हीटरचं गरम तिला चालेल ना?" मी म्हणायचो, काका, आधी येऊ तर द्या!

खंडेनवमीला काका बंदुकीची पूजा करत. तेल लावून, नळी पुसून, पाटावर ठेवून हळदकुंकू, झेंडूची फुलं. आमच्यापैकी कुणी हसलंच तर म्हणत, "तुम्ही लॅपटॉपला कुंकू लावता तेव्हा मी हसतो का बे?" दर वर्षी मी त्यांच्याकडे श्रीखंड खायला जायचो, आणि पूजा होईपर्यंत वाटी पुढे सरकायची नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या शनिवारी आम्ही एका सूर्यफुलाच्या शेतावर गेलो. मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. गाडीपाशी काकांनी माझी बंदूक घेतली, तिसरं काडतूस दाबलं, अडलं. स्वतःच्या बंदुकीच्या दस्त्यावर कुंकवाचं बोट अजून तसंच होतं. तिला त्यांनी नुसता नमस्कार केला आणि खांद्यावर घेतली. पूजेच्या शस्त्राची परीक्षा काय घ्यायची, असं वाटलं असणार.

होले चांगले येत होते. काकांनी दोन पाडले. पुन्हा काडतुसं भरताना त्यांचा अंगठा सवयीनं तिसऱ्यावर गेला, आणि तिसरं आत गेल्याचं 'खट्' मला ऐकू आलं. काका पुतळ्यासारखे थांबले. मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"काडी..." एवढंच म्हणाले. मलाही एकदम आठवलं. पूजेच्या दिवशी साफसफाईसाठी बाहेर काढलेली काडी ताम्हनात झेंडूखाली होती. आरतीनंतर बंदूक जोडली गेली आणि काडी देव्हाऱ्यातच राहिली.

नेमकी तेव्हाच फाटकातून धूळ उडवत हिरवी गाडी आत वळली. शिकारीचे नियम तपासणारी वॉर्डन. मी म्हटलं, "काका, बंदूक गाडीत टाका. कव्हर घाला. तुम्ही नुसते बघायला आलात. पुढच्या आठवड्यात इंटरव्ह्यू आहे, यार काका, आईंचा विचार करा!" काका बंदूक रिकामी करत होते. एक, दोन, तीन, चार काडतुसं मातीत पडली. चौथं पडलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"त्या अर्जात विचारतात, कधी दंड झालाय का. ते सोड. पुढे विचारतात, पकडले न जाता काही गुन्हा केलाय का. शपथेवर विचारतात बे. काय सांगू?"

"नाही म्हणून सांगा! सगळे तेच सांगतात!"

"सगळ्यांचं मला नको सांगू," म्हणाले, आणि बंदूक उघडी करून जमिनीवर ठेवून, दोन्ही हात दिसतील असे लांब धरून, चालायला लागले.

वॉर्डन तरुण बाई होती. दोन सावळे पुरुष, त्यातला एक दोन्ही हात पसरून अंगावर येतोय, हे पाहून तिचा हात कमरेवरच्या पिस्तुलाकडे गेला. "तिथेच थांबा!" काका थांबले. काकांनी मोठ्यानं, अगदी सावकाश इंग्रजीत सांगितलं की माझ्या बंदुकीत काडी नाही, मी तिच्यानं दोन पक्षी मारलेत. तिनं विचारलं, काडी कुठे आहे? काका म्हणाले, "घरी. माझ्या देवांजवळ." तिचा कमरेवरचा हात खाली आला. मग तिनं दस्त्यावरचं कुंकू पाहिलं, बोटानं पुसून पाहिलं, माझी बंदूक तपासली, आणि दंडाची पावती फाडली. "न विचारता सांगणारे तुम्ही मला पहिलेच भेटलात," म्हणाली. पण पावती फाडलीच.

मुलाखतीत काकांनी तेही विचारण्याआधीच सांगितलं. झालं! फाइल अडकली. सिटिझनशिपच्या ऑफिसनं कोर्टाचा कागद मागितला, मग आणखी एक, मग नुसती शांतता. वर्ष उलटून गेलं. तेवढ्यात अमरावतीहून शेजाऱ्यांचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली होती, खुब्याचं हाड मोडलं. मी काकांच्या स्वयंपाकघरात उभा राहून त्यांच्यावर ओरडलो. एक काडी, काका! एका काडीपायी! इथे बसवलेला दांडा तिला तिथे कसा मिळणार होता? ते ओट्याला धरून उभे होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तेवढीच त्यांची कीवही येत होती.

शेवटी शपथ झाली, आईचे कागद झाले. विमानतळावर आई चाकाच्या खुर्चीतून आली. तो पाय पुन्हा चालता झाला नव्हता, होणारही नव्हता. काकांनी खाली बसून तिच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेनात. माझी तोवर दुसऱ्या राज्यात, मॉरिसव्हिलला बदली ठरली होती. जाण्याआधीची खंडेनवमी मी त्यांच्याकडेच केली.

बंदूक पाटावर होती. दोन वर्षांत ती शिकारीला गेली नव्हती. आईनं खुर्चीतून वाकून कुंकू लावलं. ताम्हनातली काडी उचलून तिनं विचारलं, "हे काय रे?"

काकांनी सगळं सांगितलं. शेत, वॉर्डन, पावती, फाइल. मी श्रीखंडाच्या वाटीकडे बघत राहिलो. शेवटी म्हणाले, "त्या दिवशी मी गप्प राहिलो असतो, तर आई, तू इथे चालत आली असतीस."

आईनं काडीलाही कुंकू लावलं आणि ती त्यांच्या हातात दिली. म्हणाली, "अन् चालून कुठी जाणार होती मी? तुयाचकडे ना? आली नं मंग!"

काकांनी काडी नळीत सरकवली. पूजेपुरती पाटावर ठेवलेली बिनदारूची खोटी काडतुसं उचलली, दोन भरली. तिसरं त्यांनी आईच्या हातात दिलं आणि तिचा अंगठा धरून त्यावर ठेवला. तिनं दाबलं, पुन्हा दाबलं.

"जात नाही रे," ती म्हणाली.

काकांचा चेहरा खुलला.