पाहुणीच्या कॉलरी

आमच्या शिलाईच्या कारखान्यात तिला सगळ्या पाहुणी म्हणायच्या. म्हणायच्या काय, मीच ते नाव पाडलं होतं. उजवा पाय गुडघ्याखाली लुळा, काखेत कुबडी. ती उठली रे उठली की कुणीतरी म्हणायचंच, "अगं, तू बस, मी देते." मग पाहुणी नाही तर काय!

काही जागा अपंग बायकांना द्यायच्या असा नियम होता. मालकांनी तिला घेतलं, यादी पुरी केली आणि धागे कातरायला खिडकीपाशी स्टूल दिलं. तपासणीचे साहेब आले की स्टूल पुढे, गेले की पुन्हा खिडकीपाशी. सहा वर्षं तेच, आणि सहाही वर्षं हंगामी.

मग वरून फतवा आला की या बायकांना नुसतं यादीपुरतं ठेवू नका, चाचणी घ्या आणि मशीनवर कायम करा. चाचणी एका दिवसाची, दीडशे कॉलरींची. पाहुणीने सगळ्यांत आधी नाव दिलं. ती भावाकडे राहायची. भावजय वाईट नव्हती, पण तीही "बस" म्हणणाऱ्यातलीच. पाहुणीने एक खोली बघून ठेवली होती. घरमालकाला कायम नोकरीचं पत्र हवं होतं, बस्स, तेवढंच अडलं होतं.

मेकॅनिकने एका मशीनचं पायडल डावीकडे सरकवून दिलं. चाचणीच्या दिवशी ती त्या मशीनवर बसली ती मान खाली घालून. जेवायलासुद्धा उठली नाही.

तिचं मशीन होतं त्या लाइनची मी सुपरवायझर. तोंडाने फटकळ, पण दगड नाही. चहाच्या सुट्टीत ती कुबडी घेऊन बाथरूमकडे गेली, तशी मी जाऊन बघितलं. टेबलावर जेमतेम वीस कॉलरी. अशाने दीडशे कशा व्हायच्या! लाइनवरच्या तिघीजणींना म्हटलं, "काढा गं दहा-दहा." त्यांनी मुकाट्याने काढल्या. त्या तीस कॉलरी मी तिच्या विसांत मिसळल्या आणि चहा प्यायला गेले. लई बरं वाटलं हो तेव्हा, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी चेकरने मोजल्या. एकशे अठ्ठ्याऐंशी! टेबलाखाली, तिच्या पायाशी, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून ठेवलेले होते. सहा वर्षं तेच करत आली होती, काम झालं की गठ्ठा बांधायचा आणि खाली सारायचा. ते माझ्या लक्षातच आलं नाही.

मॅनेजर खूश झाले. तेवढ्यात चेकरने एक कॉलर उजेडात धरली, मग दुसरी. पाहुणीच्या मशीनवर नवं पांढरं रीळ होतं. लाइनवरच्या बाकी मशीनवर होता साईच्या रंगाचा दोरा.

"साहेब, मी घातल्या," मी म्हटलं. "तिला माहीतसुद्धा नाही. तीस वजा करा की, तरी एकशे अठ्ठावन्न उरतात!"

"आणि पांढऱ्या दोऱ्याच्या दुसऱ्या लाइनवरून कुणीच दिल्या नाहीत कशावरून?" मॅनेजर म्हणाले. "चाचणी रद्द. आता पुढच्या वर्षी."

मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. सगळ्यांच्या देखत पाहुणीने त्या तीस कॉलरी निवडून वेगळ्या केल्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पायडल पुन्हा उजवीकडे घेतलं. ती खिडकीपाशी धागे कातरत होती. मला राहवलं नाही, जवळ जाऊन म्हटलं, "चुकलंच माझं. तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

तिने कात्री खाली ठेवली.

"चहाच्या आधीच माझ्या एकशे वीस झाल्या होत्या, बाई," ती म्हणाली. "मला विचारायचं तरी."