पाकिटाचे तीन दात

‘टक्’ असा आवाज यायला हवा होता. आला ‘कटकन्’.

धाकट्या भाचेजावयांनी सीडी काढली ती डब्याचं घट्ट झाकण उचकटावं तशी. मधल्या दात्यांवर अंगठा दाबायचा आणि मग कड उचलायची, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सीडी हातात आली आणि तिला धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे तीन दात त्यांच्या मांडीवर पडले.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दात तिथंच होते.

“पहिल्या प्रेसिंगची होती, कंपनीनं छापलेल्या पहिल्या खेपेची,” मामा म्हणाले. माणूस गेल्यावर बोलतात त्या आवाजात.

“मी नवी डबी आणून देतो ना, मामा!”

“डबी नाही ही, जावईबापू. पुठ्ठ्याचं घडीचं पाकीट आहे. आतला ट्रे चिकटवलेला असतो. ओढलात, तर चित्रासकट हातात येईल.”

आतून मामींचा आवाज आला, “आमच्या लग्नाचे फोटो वाळवीनं खाल्ले, त्या रात्री हा माणूस जेवून ढाराढूर झोपला होता!”

मामांचा धंदा कवळ्या बनवायचा. आठवडाभर लोकांच्या दातांत डोकं घालायचं आणि रविवारी सीडींच्या खोलीत बसायचं. एकच गाणं ते जुन्या प्रेसिंगवरून ऐकवत, मग नव्यावरून, आणि नव्यात आवाज कसा ठोकून सपाट केलाय ते पटवून देत. मामींचं मत, दोन्हीकडे ती बाई तेच गातेय. सीडीच्या आतल्या कड्यावर कोरलेला बारीक नंबर मामा भिंगातून वाचायचे, तो चेहरा नातवाचा निकाल वाचणाऱ्या आजोबांचा.

या खोलीत ऐकायला बोलावणं आलं, की जावई घरातला झाला. थोरल्या भाचेजावयांनी एकदा एका कव्हरवर चहाचा कप टेकवला होता. तेव्हापासून ते बाहेरच्या खोलीत असतात. धाकटे तोंड पाडून बाहेर आले, तसे ते सोफ्यावर सरकले.

“या, बसा. पुरवणी घ्या. मुख्य पेपर माझा असतो.”

त्या पुरवणीच्या धास्तीनंच धाकटे दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या दुकानात हजर झाले. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीनं आ वासून होते. बाकावर एक आजोबा तोंडावर रुमाल धरून बसले होते.

“माझी कवळी आज देणार होतात!” आजोबा फसफसले.

“उद्या. आज पातळ खा. इथं तातडीची केस आहे.”

तातडीची केस, म्हणजे कालचं पाकीट, दिव्याखाली उघडी पडली होती. मामांनी कवळीच्या भुकटीत द्राव कालवला, तुटक्या जागी इवले थेंब ठेवले, वाळल्यावर घासले, फुंकर मारली, परत घासले. मग सीडी ठेवून अंगठ्यानं अलगद दाबली.

टक्.

आजोबांनी रुमालाआडून “वा!” केलं. सीडी पुन्हा उचलली, तेव्हा पारदर्शक ट्रेमध्ये तीन गुलाबी दात दिसले, अगदी हिरडीच्या रंगाचे. पाकीट चक्क हसत होतं.

मामांच्याही मिशा किंचित हलल्यासारख्या वाटल्या. धाकट्यांनी संधी साधली.

“मामा, मग रविवारी येऊ ना मी आतल्या खोलीत?”

मामांनी मान वर केली नाही.

“या. हात घरी ठेवून या.”