सात नंबरची हजेरी

रविवारी सकाळी दहाला पाच कमी असताना धाकटीच्या लक्षात आलं, की सात नंबरला कुणी कळवलंच नाही.

आप्पांना जाऊन सहा दिवस झाले होते. मोठी आणि मधला आपापल्या घरी परतले होते. घर आवरायला धाकटी मागे राहिली होती. नातेवाईक, शेजारीपाजारी, पंपघरातले जुने सोबती, सगळ्यांना फोन झाले. सात नंबर कुणाच्याच यादीत नव्हता. या घरात त्यांना दुसरं नावच नव्हतं.

तरुणपणी आप्पा सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. नऊ जण, आप्पा एक नंबर. धुक्यात, गळ्याइतक्या पाण्यात शेजारचा माणूस दिसेना, म्हणून आप्पा नंबर पुकारायचे आणि जो तो 'हजर' म्हणायचा. पुढे एकतीस वर्षं त्यांनी पंपघरात काढली, तिन्ही मुलांना मार्गी लावलं, पण हजेरी काही सुटली नाही. जेवायला बसतानाही तेच.

"मोठी? मधला? धाकटी? बाईसाहेब?"

"गैरहजर! गॅसपाशी ड्यूटीवर!" आई आतून ओरडायची.

आई गेल्यावरही आप्पा 'बाईसाहेब' म्हणत, दोन श्वास थांबत आणि मगच घास उचलत.

रविवारी दहाला तुकडीची हजेरी. आधी आठ फोन असायचे, मग पाच, मग दोन. गेली चार वर्षं एकच, सात नंबरला. तरी त्या एका फोनवर आप्पा नऊही नंबर पुकारायचे, गेलेल्या प्रत्येकासाठी दोन श्वास थांबून.

"आप्पा, गेलेली माणसं उत्तर देतात का?" धाकटी एकदा वैतागून म्हणाली होती.

"नाही देत. पण थांबायला आपलं काय जातं?"

फोनशेजारी भिंतीवर दोन ते नऊ असे आठ जणांचे फोन नंबर पेन्सिलीने लिहिलेले होते. एकही खोडलेला नव्हता. सात नंबरला ना मूल ना बाळ. आठवड्यात त्यांचा फोन वाजतो तो एवढाच, असं आप्पाच सांगायचे. आता तोही बंद पडणार, आणि हे सांगायचं तिने. मनाशी दोन वाक्यं जुळवून तिने फोन लावला.

"दहा वाजून दोन मिनिटं!" पलीकडून आवाज आला. "म्हातारा झालास रे! कर सुरू."

जुळवलेली वाक्यं तिने बाजूला ठेवली.

"एक," ती म्हणाली.

आप्पा 'एक हजर' एका दमात म्हणून पुढे सरकायचे. ती थांबली. दोन श्वास. पलीकडे खुर्ची करकरली, मग तीही गप्प झाली.

"दोन." थांबली. "तीन." एकेक करत ती सहापर्यंत आली.

"सात."

दोन श्वास झाले, चार झाले. तिने फोन कानावर घट्ट दाबला.

"हजर," म्हातारा आवाज म्हणाला.

"आठ... नऊ..."

"धाकटी ना गं तू?"

"हो, काका."

"कधी?"

"सोमवारी. झोपेतच गेले."

"हं." मग ते खाकरले. "फार भरभर पुकारतेस. चारला जरा जास्त थांबायचं, तो पहिल्यापासून आळशी. पुढच्या रविवारी नीट कर. आणि ठीक दहाला!"

"हो, काका."

फोन ठेवून तिने भिंतीवरचा तो फोन नंबर आपल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतला. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं.